पाहुणे पन्नास, कामाचा एक!

डोंगरातल्या जंगलात माड फुलला की त्याच्याकडे पन्नासेक प्रकारचे किडे येतात. बहुतेक जण खाऊन-पिऊन निघून जातात. काम करतो तो मोहरीएवढा एक भुंगेरा. तो वर्षभर जगावा म्हणून तीन जातींचे माड चक्क आळीपाळीने फुलतात. ही गोष्ट कोलंबियातल्या ढगांमधली आहे, पण तिचा एक धागा आपल्या सह्याद्रीतही आहे.

‘एन्कान्तो’ पाहिलाय ना? डिस्नेचा, २०२१ चा, ऑस्कर मिळालेला. त्यात मिराबेलच्या गावाभोवती हिरवेगार डोंगर आहेत आणि त्या डोंगरांवर खांबासारखी सरळसोट, उंचच उंच झाडं. टोकाला पानांचा छोटासा झुपका, बाकी सगळा खांब. बघताना वाटतं, ॲनिमेशनवाल्यांनी जरा जास्तच ताणलंय.

तर नाही. ती झाडं खरी आहेत. कोलंबियात किंदिओ नावाचा प्रांत आहे. तिथल्या सालेंतो गावाजवळच्या कोकोरा खोऱ्यात ती तश्शीच उभी आहेत. त्यांना वॅक्स पाम म्हणतात, आपण मेणाचा माड म्हणू. खोडावर खरोखरच मेणाचा थर असतो आणि एकेकाळी लोक तो खरवडून मेणबत्त्या करायचे. शास्त्रीय नाव सेरोझायलॉन. ग्रीकमध्ये ‘केरोस’ म्हणजे मेण, ‘झायलॉन’ म्हणजे लाकूड. हम्बोल्ट आणि बोनप्लां हे दोन जगप्रसिद्ध भटके १८०१ मध्ये किंदिओच्या खिंडीतून गेले, तेव्हा ही झाडं पाहून थक्क झाले होते. यातली किंदिओची जात जगातला सगळ्यात उंच पाम मानली जाते. काही झाडांची उंची साठ मीटरपर्यंत नोंदलेली आहे, म्हणजे वीस मजली टॉवर. कोलंबियाने १९८५ मध्ये कायदा करून या झाडाला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला.

आता एक काम करा. कोकोराचा कुठलाही फोटो मोबाइलवर उघडा आणि त्यात लहान झाड शोधा. कमरेएवढं, डोक्याएवढं, अर्ध्या उंचीचं, कुठलंही चालेल. बहुतेक फोटोंत सापडणार नाही. वर म्हातारी झाडं, खाली गवत, गवतावर गाई. मधलं काहीच नाही. घरात आजी-आजोबा आहेत, पण पाळणा काही हलत नाही.

झालं असं की, गुरांच्या चराईसाठी तिथलं जंगल तोडलं गेलं आणि माड तेवढे मागे राहिले. ते अजून फुलतात, बीसुद्धा पडतं. पण या माडाच्या रोपाला वाढायला जंगलाची सावली लागते. उघड्या कुरणात ते उन्हाने करपतं, नाहीतर गाईच्या तोंडी जातं. फोटोत स्वर्ग दिसतो आणि प्रत्यक्षात तिथली पुढची पिढीच गायब आहे.

म्हणजे झाडं उभी असणं वेगळं आणि जंगल चालू असणं वेगळं. मग जंगल चालू असतं तेव्हा आत नेमकं काय घडत असतं? ते समजून घ्यायचं तर गाडी आधीच्या स्टेशनवर न्यावी लागेल. बी पडायच्याही आधी, फूल उमलतं तिथे.

नर इथे, मादी तिथे

सेरोझायलॉनच्या डझनभर जाती आहेत आणि सगळ्या अँडीज पर्वतात, व्हेनेझुएलापासून बोलिव्हियापर्यंत. माड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रकिनारा येतो. यांचं उलट आहे. यातल्या काही जाती समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंचीपर्यंत वाढतात. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवायचं आणि वर माड लावायचा! दर हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. त्यामुळे विषुववृत्ताजवळ असूनही तिथे गारठा, धुकं आणि सतत झिमझिम. अशा जंगलाला ढगातलं जंगल म्हणतात.

या माडांची आणखी एक भानगड आहे. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. परसात पपई लावलेल्यांना हे लगेच कळेल. नर पपईला फुलं येतात, फळ धरत नाही. इथेही तसंच. नराच्या फुलोऱ्यात पराग, मादीच्या फुलोऱ्यात फळाची शक्यता. दोन्ही झाडं वीस-तीस मीटर उंच, मध्ये जंगल आणि धुकं. पराग इकडून तिकडे न्यायचा कुणी?

वाऱ्याने, असं फार वर्षं बऱ्याच जणांना वाटायचं. वाटण्यासारखंच होतं म्हणा. माडाची फुलं बघा. इवलीशी, फिकी, हजारोंनी लगडलेली. गुलाबासारखा थाट नाही, जास्वंदीसारखा रंग नाही. अशा फुलाकडे कोण ढुंकून बघणार?

१९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातले अभ्यासक अँड्र्यू हेंडरसन यांनी तोवर जगभर झालेला माडांच्या परागीभवनाचा अभ्यास एकत्र करून मांडला. त्यातून चित्र बरंच वेगळं दिसलं. पाम मंडळींचे खरे कारभारी किडे आहेत. मधमाश्या आहेत, माश्या आहेत आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे भुंगेरे.

एका किड्याने वाचवलेले लाखो हात

‘किडाच तो, त्याने असा काय फरक पडतो’ असं वाटत असेल, तर डोंगर उतरून दोन मिनिटं मलेशियात चला. पाम तेलाच्या मळ्यात. हे तेल तुमच्या ओळखीचं आहे. हॉस्टेलच्या खोलीतलं बिस्कीट, वेफर्स, बाथरूममधला साबण, कुठे ना कुठे ते असतंच. आपला देश पाम तेलाच्या मोठ्या खरेदीदारांपैकी एक आहे.

हा तेलाचा माड मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. त्याची रोपं आग्नेय आशियात आली, मळे उभे राहिले, पण फळ नीट धरेना. मग माणसं कामाला लावली. नर फुलांचा पराग गोळा करायचा आणि मादी फुलोऱ्यांवर हाताने मारायचा. झाडामागून झाड, दिवसामागून दिवस. वारा आपलं काम का करत नाही, हे कुणाला कळत नव्हतं.

लेस्ली डेव्हिडसन नावाचे मळ्याचे व्यवस्थापक आधी आफ्रिकेत कॅमेरूनला होते. तिथे त्यांनी या झाडाच्या फुलांवर छोट्या भुंगेऱ्यांची झुंबड पाहिलेली होती आणि तिथे हाताने पराग मारायची गरज पडत नव्हती. मलेशियात झाडं तीच, पण झुंबड नाही. मग कीटकशास्त्रज्ञ रहमान सय्यद यांनी कॅमेरूनला जाऊन अभ्यास केला. नाव निघालं एलिडोबियस कॅमेरुनिकस, सोंडवाला एक बारका भुंगेरा. १९८१ मध्ये तो मलेशियात आणून सोडला. थोड्याच काळात तो मळ्यांमधून पसरला, फळधारणा वाढली आणि हाताने पराग मारायचं काम बंद झालं.

गंमत अशी की झाड या भुंगेऱ्याला फसवतं. नर फुलोऱ्यातून बडीशेपेसारखा गोडसर वास येतो. भुंगेरे त्या वासावर येतात, पराग खातात, तिथेच अंडी घालतात आणि अळ्या झडत्या नर फुलांवर वाढतात. म्हणजे नर फुलोरा त्यांची खानावळ पण आणि प्रसूतिगृह पण. मादी फुलोरा तोच वास सोडतो. भुंगेरा अंगभर पराग माखून तिकडे जातो आणि बघतो तर काय, बाहेर पाटी खानावळीची, आत चूल थंड! तो निघून जातो, पण जाता जाता पराग ठेवून जातो. झाडाचं काम झालं.

हा हिशोब लक्षात ठेवा आणि आता परत डोंगर चढू. कारण ढगातल्या माडांनी याच व्यवहाराला एक भन्नाट वळण दिलंय.

फुटेज कोण खातं, काम कोण करतं?

कोलंबियाच्या अँडीजमध्ये एका ठिकाणी मेणाच्या माडाच्या तीन जाती शेजारी शेजारी वाढतात. पार्विफ्रॉन्स, व्हेन्ट्रिकोसम आणि व्होगेलियानम. नावं पाठ करू नका, परीक्षेला नाहीत. हाविएर कारेन्यो-बारेरा, लुईस अल्बेर्तो नुन्येस-आवेयानेदा, मारिया होसे सानिन आणि आर्तुर माइया या चौघांनी तिथे लागोपाठ तीन बहरांचा हंगाम माडांचा माग काढला. कुठलं झाड कधी कळीवर आलं, कधी फुललं, फळ कधी धरलं, पिकलं कधी. आणि प्रत्येक फुलोऱ्यावर कोण कोण आलं. २०२० मध्ये त्यांचा शोधनिबंध ‘ॲनल्स ऑफ द मिसूरी बोटॅनिकल गार्डन’मध्ये आला.

पाहुण्यांची यादी निघाली साधारण पन्नास प्रकारांची. तीनही जातींकडे येणारी मंडळी जवळपास तीच आणि दर बहराला तीच. एवढी गर्दी बघून कुणालाही वाटेल की एक गेला तरी एकोणपन्नास आहेत, काळजी कसली?

इथे या अभ्यासकांनी एक सोपा पण जबरदस्त प्रश्न विचारला. आलेल्यांपैकी काम कोण करतो? कॉलेज फेस्टचं आठवा. ग्रुप फोटोत पन्नास चेहरे असतात. रात्री दोन वाजता स्टेजच्या मागे खुर्च्या कोण उचलत होतं, हे विचारलं की यादी एकदम छोटी होते.

त्यांनी तीन गोष्टी तपासल्या. किडा किती संख्येने येतो. दर वेळी येतो की कधीतरी उगवतो. आणि मादी फुलोऱ्यावर पोचतो तेव्हा त्याच्या अंगावर खरोखर किती पराग असतो. थोडक्यात हजेरी, सातत्य आणि प्रत्यक्ष काम. मादी फुलोऱ्यावर सापडलेल्या किड्यांपैकी मोजक्याच जातींच्या अंगावर पराग निघाला. तिन्हींचा मेळ घातल्यावर निकाल असा लागला: परागीभवनाचं ९४ ते ९९ टक्के काम एकटी एक जात करते. तीनही माडांसाठी तीच. मिस्ट्रॉप्स रोटुंड्युला नावाचा एक भुंगेरा. या कुळातले भुंगेरे मोहरीच्या दाण्याएवढे असतात. तळहातावर बसला तर तीळ समजून झटकून टाकाल.

साठ मीटरपर्यंत जाऊ शकणाऱ्या झाडांचं खानदान आणि त्याचा वंश चालवणारा दोन-तीन मिलिमीटरचा गडी. बाकीचे नुसतं फुटेज खाणारे.

तीन मेस, एकच गिऱ्हाईक

पण खरी गोष्ट पुढे आहे.

एकाच किड्यावर तीन जाती अवलंबून असतील तर त्यांच्यात मारामारी व्हायला हवी, नाही का? तीनही माड एकाच वेळी फुलले असते तर भुंगेरे वाटले गेले असते. एकीचा पराग दुसरीवर पडून वाया गेला असता. आणि बहर संपल्यावर? भुंगेऱ्यांना खायला काहीच नाही. पुढच्या बहरापर्यंत ती लाखोंची फौज टिकायची कशी?

हॉस्टेलवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. कॉलेजच्या आसपास तीन मेस आहेत आणि तिन्ही दिवाळीला एकदमच बंद होतात, तेव्हा काय हाल होतात? तेच जर ठरवून आळीपाळीने सुट्टी घेतली, एक बंद तर दुसरी चालू, तर गिऱ्हाईक उपाशी मरत नाही, गाव सोडून जात नाही आणि तिन्ही मेस चालत राहतात.

या तीन माडांचं तसंच आहे. ते एकामागून एक फुलतात. एकाचा बहर ओसरतो तेव्हा पुढच्याचा सुरू होतो. त्यामुळे भुंगेऱ्यांना परागाचा पुरवठा सतत राहतो आणि त्यांची संख्या मोठी राहते. म्हणजे शेजारी फुलणारी दुसरी जात ही इथे स्पर्धक नाही. ती आपल्या कामगाराला आपल्या सुट्टीत जेवू घालणारी शेजारीण आहे. चौघा अभ्यासकांनी निबंधाच्या शीर्षकातच या फुलण्याला सुरात बांधलेलं म्हटलंय, वाद्यवृंदासारखं.

अर्थात झाडं मीटिंग घेऊन हे ठरवत नाहीत. ज्यांचं वेळापत्रक जमलं त्यांना फळं धरली, त्यांची पिल्लं वाढली. ज्यांचं नाही जमलं ती मागे पडली. असं असंख्य पिढ्या चाललं की शेवटी ठरवून केल्यासारखं दिसतं.

घड्याळाचा प्रश्न महिन्यांपुरताच नाही, दिवसाच्या तासांचाही आहे. या कुळातले भुंगेरे ज्या माडांकडे जातात, ते बरेचसे रात्री फुलणारे. पण कोलंबियातल्याच वेट्टिनिया नावाच्या माडाचं परागीभवन दिवसा होताना दिसलं. नुन्येस, रॉड्रिगो बर्नाल आणि जेट्टे क्नुडसेन यांनी २००५ मध्ये त्यावर लिहिलं आणि शीर्षकातच सवाल टाकला: याचा हवामानाशी संबंध असेल का? पाऊस जोराचा असेल त्या वेळी मोहरीएवढ्या किड्याने उडायचं म्हणजे आपण गारांच्या वर्षावात स्कूटर काढण्यासारखं. पाऊस कधी पडतो त्यावर फूल कधी उघडायचं हे ठरत असेल, तर पावसाचं वेळापत्रक बिघडणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, बघा.

एक मेस कायमची बंद झाली तर?

इथे विषय गंभीर होतो.

समजा, या तिघांपैकी एक जात त्या जंगलातून संपली. कुणी लाकडासाठी तोडली, कुणी शेतीसाठी जागा साफ केली. ही भीती काल्पनिक नाही, मेणाच्या माडाच्या अनेक जाती धोक्यात आहेत. कॅथलिक देश असल्यामुळे पाम संडेला मिरवणुकीत झावळ्या लागतात. त्यासाठी कोवळ्या मेणमाडांची पानं वर्षानुवर्षं तोडली गेली. आता तिथे दुसऱ्या झाडांची पानं वापरा, अशा मोहिमा चालतात.

एक जात गेली तर आपण म्हणू, वाईट झालं, पण दोन तर आहेत. भुंगेऱ्यासाठी मात्र वेळापत्रकात भोक पडलं. त्या महिन्यांत जेवण नाही. त्यांची संख्या घटणार. मग पुढच्या जातीचा बहर येईल तेव्हा पराग भरपूर असेल, मादी फुलं तयार असतील आणि ने-आण करणारे हात कमी असतील. उरलेली एकोणपन्नास मंडळी हजर असतील, पण ती कधी खुर्च्या उचलत नव्हतीच. एका जातीचं नुकसान असं गुपचूप दुसरीच्या खात्यावर लागतं. आणि ते दिसायला कित्येक वर्षं जातात, कारण मोठी झाडं उभीच असतात. फोटो छानच येतात.

वरून हवामान बदल. डोंगरात हवा तापली की जीव वर सरकू लागतात, कारण वर गारवा आहे. भुंगेरा उडत उडत जाईल. माडाला एक पाऊल वर टाकायला एक अख्खी पिढी लागते. आणि डोंगर कितीही उंच असला तरी त्याला माथा असतोच. त्याच्या वर जागा नाही.

साखळी इथेही थांबत नाही. कोलंबियात पिवळ्या कानांचा एक पोपट आहे. तो मेणमाडाच्या वाळलेल्या, पोकळ खोडात घरटं करतो. नव्वदच्या दशकात हा पक्षी जवळजवळ संपला असं वाटत होतं. १९९९ मध्ये कोलंबियात ८१ पक्ष्यांचा एक थवा सापडला. त्यानंतर संरक्षणाचं काम झालं, माडांचं आणि पोपटांचं मिळून, आणि संख्या पुन्हा वाढली. आता ही साखळी उलटी वाचा. पोपटाला माड हवा. माडाला बी हवं. बीला पराग हवा. परागाला तो तिळाएवढा भुंगेरा हवा. आणि भुंगेऱ्याला शेजारच्या जातीचं फूल हवं, बरोबर त्या महिन्यात.

म्हणून ‘झाड वाचवा’ एवढी घोषणा पुरत नाही. झाडाचं वेळापत्रक वाचवावं लागतं आणि त्या वेळापत्रकातली सगळी नावं. पोस्टरवर पोपट येईल, भुंगेरा येणार नाही. पण बजेट दोघांचं धरायला हवं.

आणि आपला भेरली माड?

एवढं वाचून ‘कोलंबिया लांब आहे’ म्हणाल. बरोबर आहे. पण डोंगरातल्या जंगलात वाढणारे पाम आपल्याकडेही आहेत. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळ-तमिळनाडूच्या कड्यांवर, बेंटिंकिया कोंडापन्ना नावाचा देखणा माड वाढतो, तो फक्त तिथलाच. आणि आपल्या महाराष्ट्र-गोव्याच्या घाटात आहे भेरली माड. सुरमाड म्हणूनही ओळखतात. पान बघितलं की विसरणार नाही, प्रत्येक पातं माशाच्या शेपटीसारखं कातरलेलं. म्हणून इंग्रजीत फिशटेल पाम. बऱ्याच बागांमध्ये, सोसायट्यांमध्येही शोभेसाठी लावलेला असतो.

याचा फुलोरा म्हणजे झाडाने सोडलेल्या जाड वेण्या. दोन-तीन मीटर लांब, लोंबणाऱ्या. त्यात फुलं तिघा-तिघांच्या गटात बसतात, मध्ये मादी, दोन्ही बाजूंना नर. नर आणि मादी एकाच झाडावर, त्यामुळे ‘मग अडचण काय’ असं वाटेल. पण नर फुलं आधी उमलतात आणि मादी फुलं मागाहून. एका फुलोऱ्यात दोघांची वेळ जुळत नाही. म्हणजे पराग दुसरीकडून यायला हवा. म्हणजे पाहुणे हवेत. मधमाश्या त्याच्या फुलांवर घोंगावत असतात.

भेरली माडाच्या फुलण्याला मात्र एक कठोर नियम आहे. तो आयुष्यात एकदाच बहरतो. कित्येक वर्षं नुसता वाढतो, उंची गाठतो आणि मग सगळ्यात वरून पहिला फुलोरा काढतो. मग त्याच्या खालून दुसरा, मग तिसरा. जिना उतरावा तसा बहर वरून खाली येतो. हे काही वर्षं चालतं. खालचा शेवटचा घड पिकला की झाड मरतं. जन्मभराची शिल्लक एका बहरात उधळून मोकळं.

म्हणूनच इथे वेळ चुकली तर पुढच्या वर्षी बघू, असं नसतं. सुरमाड हे नावच सांगतं की याच्या फुलोऱ्याला चीर देऊन रस काढतात. त्याची माडी होते. श्रीलंकेत याच झाडाला कितुल म्हणतात आणि त्याच्या रसाचा पाक नि गूळ प्रसिद्ध आहे. यात वाईट काही नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचं कौशल्य आहे ते. पण ज्या फुलोऱ्याचा रस निघाला त्याचं बी नाही. सजावटीसाठी, मांडवासाठी पानं आणि झाडं सरसकट तोडली, तर त्या झाडाचा एकुलता एक डाव गेला. फळं धरली तर ती खायला उदमांजर येतं, धनेश येतात आणि बिया लांब नेऊन टाकतात. आपण मात्र ती फळं हाताळायला जाऊ नये, प्रचंड खाज सुटते.

कोकोराचा धडा इथे लागू होतो. देवराईत एखादा उंच भेरली माड दिसला तर छान वाटतं. पण खाली बघा. रोपं आहेत का? मधल्या उंचीची झाडं आहेत का? पाळणा हलतोय का?

पंधरा मिनिटं द्याल?

अभ्यासकांनी कोलंबियात जे केलं त्याची छोटी आवृत्ती तुम्ही कॅम्पसमध्ये करू शकता. बॉटनीला असणं मुळीच गरजेचं नाही. मी मास कॉमची आहे आणि आमच्याकडे बातमीचा पहिला धडा हाच असतो: कोण, कुठे, कधी, काय करतंय. इथेही तेच चार प्रश्न आहेत.

झाड एकच निवडा. भेरली माड नसेल तर नारळ किंवा सुपारी. रोज जाता-येता दिसणारं हवं, म्हणजे कंटाळा येत नाही.

आठवड्यातून एकदा त्याच दिवशी बघा. नवी पोय निघाली का, फुटली का, नर फुलं झडतायत का, फळ धरलं का. तारीख लिहा. ‘सीझनवॉच’ हा भारतातल्या झाडांच्या ऋतुचक्राच्या नोंदींचा प्रकल्प आहे, तिथे तुमची नोंद देशभरातल्या नोंदींना जोडली जाते.

नारळाची पोय जवळून बघायला मिळाली तर दोन्ही फुलं ओळखा. काड्यांवर दाटीने असतात ती नर, काडीच्या बुडाशी गोल बटणासारखी असते ती मादी. उंच जातीच्या नारळात आधी नर फुलं उमलून संपतात, मग मादीची पाळी येते. झाडाखाली सकाळी पिवळसर सडा पडलेला दिसला तर समजा, वर नरांची पाळी चालू आहे.

फुलोरा उघडा असेल तेव्हा पंधरा मिनिटं नुसतं बघा. शक्य असेल तर एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी. कोण आलं, किती आले, किती वेळ थांबले. मोबाइलने झूम करून फोटो काढा आणि ‘आयनॅचरलिस्ट’वर टाका, ओळख पटवायला जगभरातून लोक मदत करतात. झाडावर चढू नका, दुर्बीण वापरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, यादी झाली की स्वतःला विचारा: यातला नर फुलावरून मादी फुलावर कोण गेला? अंगावर पिवळी भुकटी कुणाच्या होती? नुसती हजेरी लिहू नका, काम लिहा.

एका झाडाच्या, एका वर्षाच्या नोंदीने जग बदलत नाही. पण दहा कॉलेजांनी पाच वर्षं तारखा लिहिल्या तर बहर पुढे-मागे सरकतोय का हे दिसायला लागतं. कोलंबियातल्या चौघांकडेही सुरुवातीला दुसरं काय होतं? एक वही, तीन जातींची झाडं आणि परत परत तिथेच जाण्याचा चिवटपणा. त्यातूनच त्यांना पन्नास पाहुण्यांच्या गर्दीत तो एक कामाचा सापडला.

नारळ वर्षभर फुलतो. म्हणजे ‘सीझन नाही’ ही सबबही चालणार नाही. उद्या लेक्चरला जाताना एकदा मान वर करा.